तांब्याची उष्णता

तांबी बसवून बारा दिवस झाले होते तेव्हा ओटीपोटात पहिल्यांदा जड जड वाटायला लागलं. मुलगा चार वर्षांचा, दुसरं मूल नको असं आमचं ठरलेलं, गोळ्या मला मानवत नव्हत्या, म्हणून तांबी. बसवताना डॉक्टर मॅडमनी सांगितलं होतं की सुरुवातीला पोटात कळ येईल, थोडे डाग दिसतील, घाबरू नका. मी हे इतकं मनावर घेतलं की पुढे जे जे झालं ते सगळं त्याच खात्यात टाकत गेले. अंगावरून पिवळट जायला लागलं, तर होणारच. कंबर धरली, होणारच. वासही बदलला होता. तो कुणाला सांगण्यासारखा नव्हता, म्हणून मी त्याचा विचारच केला नाही.

आमच्याकडे बायकांच्या तक्रारी आधी मावशीकडे जातात आणि मग, गेल्याच तर, डॉक्टरकडे. मावशीने फोनवरच निदान केलं. "तांबं उष्ण पडलंय तुला. अंगात धातू बसवलास, मग उष्णता होणार नाही तर काय?" तिसऱ्या दिवशी ती स्वतः आली. पिशवीत अशोकारिष्टाची बाटली आणि वर्तमानपत्राच्या पुडीत लोध्राची पूड. तिच्या दोन्ही बाळंतपणांनंतर, तिच्या जावेला, शेजारच्या सुनेला, सगळ्यांना याच दोन गोष्टींनी गुण आलेला. मावशीच्या आवाजात अशा वेळी इतकी खात्री असते की आपल्याला दुखतंय तेसुद्धा कमी झाल्यासारखं वाटतं.

चार चमचे अरिष्ट, तेवढंच पाणी, दोन्ही जेवणांनंतर. लोध्र सकाळी मधातून. अरिष्टाची चव वाईट नसते, गुळचट, तुरट, शेवटी घशात किंचित चटका. मी अगदी इमानाने घेतलं. आणि सोळा दिवस काढले. आज मागे बघताना वाटतं, त्या बाटलीने मला इजा केली नाही, तिने मला नुसतं शांत ठेवलं. औषध चालू आहे म्हटल्यावर दुखण्याकडे बघायची गरज उरली नाही.

सतराव्या दिवशी स्कूटरवर नवऱ्याच्या मागे बसले होते. पहिल्या गतिरोधकावर अशी कळ आली की मी त्याचा खांदा आवळला. दुसऱ्या गतिरोधकाला मी सीटवरून अर्धी उठूनच बसले. घरी येऊन थर्मामीटर लावला, 101.6. ती रात्र मी गुडघे पोटाशी घेऊन काढली.

सकाळी मॅडमकडे. आधी लघवीतून गरोदरपणाची चाचणी केली. मला हसू आलं, तांबी तुम्हीच बसवलीत की! त्या हसल्या नाहीत. तांबी असताना गर्भ क्वचितच राहतो, पण राहिलाच तर तो नळीत असण्याची शक्यता जास्त, आणि नळीतला गर्भ फुटला तर जिवावर बेततं. म्हणून ते आधी बघायचं. ती चाचणी निगेटिव्ह आली. मग आतली तपासणी. गर्भाशयाचं तोंड त्यांनी बोटांनी जरासं हलवलं आणि मी ओरडून टेबलावर उठूनच बसले. "बस, समजलं," त्या म्हणाल्या. रक्त, अंगातली सूज दाखवणारी सीआरपी, आतला स्वॅब, सोनोग्राफी हे सगळं त्यानंतर झालं, पण औषध त्यांनी रिपोर्टची वाट न बघता सुरू केलं. सोनोग्राफीत उजवी नळी जाड झालेली, गर्भाशयामागे थोडं पाणी. पूची गाठ नव्हती, हे नशीब.

पीआयडी, पेल्व्हिक इन्फ्लमेटरी डिसीज. हा शब्द मी तोवर ऐकलाही नव्हता. मॅडमनी कागदावर चित्र काढून समजावलं. योनीतले जंतू गर्भाशयाच्या तोंडातून वर चढतात, गर्भाशयाच्या अस्तरात, तिथून नळ्यांत. क्लॅमायडिया आणि गोनोरिया हे दोन नामांकित, पण बऱ्याचदा जंतूंचा घोळकाच असतो, त्यात हवेशिवाय वाढणारेही असतात. तांबी बसवताना बाहेरचं आत ढकललं जाऊ शकतं, म्हणून बसवल्यावरचे पहिले साधारण तीन आठवडे धोका थोडा वाढतो, मग तो पुन्हा खाली येतो. नळीच्या आत बारीक लव असते, बीज पुढे सरकवणारी. सूज लांबली की ती लव मरते, आत चिकटा धरतो. मग मूल न होणं, नळीत गर्भ राहणं, वर्षानुवर्षं ओटीपोट दुखत राहणं. दुसरं मूल नको असं मी स्वतःच ठरवलं होतं, तरी ते चित्र बघताना डोळ्यांत पाणी आलं. नको म्हणणं आणि जमणारच नाही असं ऐकणं यांत फरक असतो.

"तांबी काढायची?" मी विचारलं. बहात्तर तास बघू, उतार पडला तर तशीच राहू द्यायला हरकत नाही, असं त्या म्हणाल्या. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचं एक इंजेक्शन, डॉक्सीसायक्लिन दिवसातून दोनदा, मेट्रोनिडाझोल दिवसातून दोनदा, दोन्ही चौदा दिवस. नवऱ्यालाही आत बोलावलं. त्याचीही तपासणी, त्यालाही गोळ्या, तोवर संबंध बंद. "मला काय झालंय?" असं त्याने विचारलंच. मॅडमना हा प्रश्न रोजचा असावा. एकाला औषध देऊन दुसऱ्याला सोडलं तर जंतूंची नुसती ये-जा चालू राहते, आणि दोन्ही चाचण्या निगेटिव्ह आल्या तरी तुमच्या बायकोची नळी सुजलेली आहे हे बदलत नाही, असं त्यांनी त्याला एका दमात सांगितलं. चाचण्या खरंच निगेटिव्ह आल्या. गोळ्या मात्र त्याने पूर्ण घेतल्या, पुढचे दोन दिवस माझ्याशी जरा जपून बोलत का होईना.

आता माझ्या वेडेपणाचा भाग. अशोकारिष्टाचं मी मॅडमना सांगितलंच नव्हतं. त्यांनी "आणखी काही औषध चालू आहे का" असं विचारलं होतं, आणि मी "नाही" म्हटलं होतं. अरिष्ट हे माझ्या लेखी औषध नव्हतंच, ते मावशीने दिलेलं काहीतरी होतं. त्या रात्री जेवणानंतर सवयीने चार चमचे घेतलं. अर्ध्या तासात चेहरा तापला, छातीत धडधड, मग उलटी. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. मी फोन केला. पलीकडून थोडी शांतता आणि मग अगदी हळू आवाजात प्रश्न आला, "एक विचारू? तुम्ही... ड्रिंक घेता का?"

"छे हो!"

"मग जेवणानंतर नेमकं काय घेता?"

बाटली हातात घेऊन मी लेबल पहिल्यांदा नीट वाचलं. बारीक अक्षरांत होतं : स्वयंनिर्मित अल्कोहोल 5 ते 10 टक्के. आसव आणि अरिष्ट ही आंबवलेली औषधं. काढ्यात गूळ आणि धायटीची फुलं घालून मुरवतात, त्यातून मद्यार्क आपोआप तयार होतो आणि तोच औषध टिकवतो. टक्केवारी बिअरच्या जवळपास. आणि मेट्रोनिडाझोल चालू असताना मद्य टाळा हे त्या गोळ्यांच्या माहितीपत्रकात छापलेलंच असतं. मॅडमनी हेही सांगितलं की चार चमच्यांत मद्य तसं थोडंच, ही प्रतिक्रिया खरोखर किती होते यावर आता शंकाही घेतल्या जातात, आणि मेट्रोनिडाझोलने एरवीही मळमळतं, तेव्हा तुमची उलटी नेमकी कशाची ते मी छातीठोक सांगणार नाही. पण बाटली बंद. बंद केली, उलट्या थांबल्या. तोंडातली गंजक्या लोखंडाची चव मात्र शेवटच्या गोळीपर्यंत राहिली.

"किती दिवस घेत होता हे?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "त्याने बिघडलं नसेल. पण सोळा दिवस गेले ना." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

ताप तिसऱ्या दिवशी गेला. बहात्तर तासांच्या तपासणीत पोट दाबल्यावर दुखणं निम्म्यावर आलं होतं, तांबी राहिली. चौदा दिवस पुरे झाले. महिन्याभराने केलेल्या सोनोग्राफीत नळी सामान्य, पाणी नाही, सीआरपी सामान्य, स्वॅब स्वच्छ. कागदावर मी बरी झाले होते.

पण दुखणं गेलं नव्हतं. तीव्र असं काही नाही. उजवीकडे मांडीच्या सांध्याच्या वर एक बोथट ठणका, पाळीच्या आधी आठवडाभर वाढणारा, जास्त वेळ उभं राहिलं की कंबरेत उतरणारा. अंगावरून पातळ पांढरं, वास नसलेलं. चार महिने झाले. मॅडमनी पुन्हा तपासलं, आमच्या देशात नळ्यांच्या जुनाट सुजेमागे क्षयही असतो म्हणून तीही चाचणी केली, तीही निगेटिव्ह. आत कुठे चिकटा धरला असेल, दुर्बिणीतून बघता येईल, पण आज लगेच तशी गरज वाटत नाही, वेदनाशामक घ्या आणि थांबा, असं त्यांचं म्हणणं. ते प्रामाणिक होतं. पण "थांबा" हे ऐकून घरी आलेली बाई रात्री काय करते? मोबाइलवर शोधते.

मीही शोधलं. आणि त्या शोधात जे जे सापडलं ते बघून थक्क झाले. गर्भाशय शुद्ध करणाऱ्या पोटल्या, आत ठेवायचे जडीबुटीचे मणी, सात दिवसांत सूज नाहीशी, नळ्या मोकळ्या, शंभर टक्के खात्री. एक पाकीट मी जवळजवळ मागवलंच होतं. पुढे वैद्यबाईंकडून कळलं की अशा जाहिराती आपल्याकडे कायद्याने बंद आहेत, आणि कायदाही आजकालचा नाही, 1954 चा आहे. ज्या रोगांवर इलाजाचा दावा करणारी जाहिरात करायची नाही त्यांच्या यादीत गर्भाशयाचे विकार, पाळीच्या स्रावाचे विकार, स्त्रियांचे रोग, वंध्यत्व ही सगळी नावं आहेत. मोबाइलला ते कुणी सांगितलेलं दिसत नाही.

वैद्यबाईंचं नाव मला एका सहकारी मैत्रिणीने सुचवलं. आयुर्वेदातल्या प्रसूतितंत्र-स्त्रीरोगात पदव्युत्तर शिकलेल्या. मी फाइल घेऊन गेले आणि मनाशी तयारी करून गेले की आता अ‍ॅलोपॅथीला शिव्या ऐकायच्या. त्यांनी फाइलच आधी मागितली. प्रत्येक कागद वाचला. स्वॅबची तारीख, सोनोग्राफीची तारीख, गोळ्या पूर्ण घेतल्या का, नवऱ्याने घेतल्या का. मग विचारलं, "गेल्या महिन्यात ताप? एखादा दिवस अंगात कणकण?" नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "असता तर आज मी तुम्हाला काढा दिला नसता, परत पाठवलं असतं."

मग नाडी, जीभ, पोट. आणि प्रश्न. भूक लागते का की वेळ झाली म्हणून जेवता, झोप मध्येच तुटते का, लघवी दाबून ठेवता का, शौचाला रोज होतं का. शेवटच्या प्रश्नावर मी अडखळले. चार महिने मला तिसऱ्या दिवशी होत होतं आणि हे कुणाला सांगावं असं मला वाटलंही नव्हतं. त्यांनी तिथे कागदावर एक मोठी रेघ ओढली.

"तुमच्या ग्रंथात याला काय म्हणतात?" मी विचारलं. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानाचा तिसावा अध्याय योनिव्यापदांचा, म्हणजे स्त्रीरोगांचा, त्यात वीस व्याधी सांगितल्यात, त्यातली एक परिप्लुता. सुजलेली, स्पर्श सहन न होणारी, निळसर-पिवळट स्राव, कंबर, जांघा आणि पाठ दुखणं, ताप. मला गतिरोधक आठवला आणि अंगावर काटा आला. मी म्हटलं, म्हणजे हेच की! वैद्यबाईंनी मान हलवली, हो अशी नाही आणि नाही अशीही नाही. "लक्षणं जुळतात म्हणून नावं जुळवायला आम्हाला आवडतं. पण त्यांच्याकडे स्वॅब नव्हता. त्यांना जे दिसलं ते त्यांनी फार नीट लिहून ठेवलं. जंतू तुमच्या गोळ्यांनी मेले. आता जे उरलंय त्याला मी परिप्लुता म्हणणार नाही, बिघडलेला अपान वायू म्हणेन, मल, मूत्र, पाळी खाली सारणारा तो वायू. तेवढ्यावर मी काम करू शकते."

मावशीच्या औषधांचं सांगितलं तेव्हा हसल्या. अशोकारिष्ट भैषज्यरत्नावली या जुन्या औषधग्रंथातलं, मुख्यतः जास्त रक्तस्रावावर वापरायचं. मला तर रक्तस्राव नव्हताच. त्यातून बाजारातला अशोक खरा असेल तर. बंगल्यांच्या कुंपणाशी सरळ उंच वाढतो तो आसुपालव, त्याची साल अशोक म्हणून सर्रास मिसळली जाते. औषधी तो सीतेचा अशोक, केशरी-लाल फुलांचे गुच्छ येणारा, आणि तो आता रानात विरळ होत चाललाय. लोध्राची उरलेली पुडी मी सोबत नेली होती. त्यांनी चिमूटभर जिभेवर ठेवली, थुंकली. "पूड झाली की काहीही लोध्र असतं," म्हणाल्या, आणि पुडी कचऱ्याच्या डब्यात टाकली. मावशीला हे मी अजून सांगितलेलं नाही.

डॉक्सीसायक्लिन चालू असताना चंद्रप्रभा वटी घेतली होती का, हेही त्यांनी विचारलं. शेजारणीने सुचवली होती, मी घेतली नव्हती. त्यात लोहभस्म असतं, आणि डॉक्सीसायक्लिन लोहाला धरून बसतं, मग ते पोटातून पुरतं अंगी लागत नाही. "दोन्ही औषधं चांगली, एकत्र घेतली की एक वाया." मग माझी यकृताची तपासणी करून घेतली. औषधी काढे सुरू करण्याआधी एसजीपीटी मागणाऱ्या वैद्य मी पहिल्यांदाच पाहत होते. करोनाच्या काळात मुंबईतून गुळवेलीमुळे यकृत बिघडल्याच्या नोंदी आल्या होत्या, आयुष मंत्रालयाने त्या नाकारल्या होत्या, वाद पुष्कळ झाला. त्यांचं मत साधं होतं. गुळवेल त्या वापरतात, पण बेसुमार कुणी काहीही प्यायलं की काय होईल सांगता येत नाही, आणि आधीचा आकडा हाताशी नसेल तर नंतरच्या आकड्याला अर्थ नाही.

मी सगळ्यात जास्त ज्याची अपेक्षा करून गेले होते त्याला त्यांनी सरळ नकार दिला. योनिधावन, म्हणजे काढ्याने आतून धुणं, आणि उत्तरबस्ती, म्हणजे गर्भाशयात औषध सोडणं. दोन्ही ग्रंथोक्त, दोन्ही त्या इतर रुग्णांत करतात. "तुमची नळी चार महिन्यांपूर्वी सुजलेली होती. आत पाणी मारलं तर खालचं वर जाईल. आतून धुणाऱ्या बायकांत ही सूज जास्त आढळते हे तुमच्या मॅडमही सांगतील. आणि आत राखणदार जंतू असतात, त्यांना कशाला धुऊन काढायचं?" त्याऐवजी बाहेरून कटिस्नान सांगितलं. पंचवल्कलाचा काढा कोमट करून टबात घालायचा आणि पंधरा मिनिटं बसायचं. वड, उंबर, पिंपळ, पायरी आणि पारोसा पिंपळ अशा पाच झाडांच्या साली. पाणी लालसर तपकिरी होतं आणि त्यात बसल्यावर त्वचा आक्रसल्यासारखी वाटते, तुरट रसाचा गुण.

घ्यायच्या औषधांत दशमुळाचा काढा मुख्य. बेल, टेटू, शिवण, पाडळ, ऐरण ही मोठी पाच, सालवण, पिठवण, डोरली, रिंगणी, गोखरू ही लहान पाच. भरड आणायची, पूड नाही. शारंगधर संहितेतलं काढ्याचं माप त्यांनी पाठ म्हणून दाखवलं आणि मग माझ्यासाठी सोपं केलं. वीस ग्रॅम भरड, सोळापट पाणी म्हणजे 320 मिली, आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायचं, म्हणजे 40 मिली. झाकण न ठेवता, मंद आचेवर. पहिल्या दिवशी मी मोठ्या आचेवर पंधरा मिनिटांत आटवलं आणि तळाशी करपलं. नीट करायला पाऊण तास लागतो. त्या पाऊण तासात पोळ्या होतात, डबा भरून होतो, आणि घरभर ओल्या मातीसारखा, किंचित कडवट वास पसरतो. मुलगा त्याला "मातीचा चहा" म्हणायचा. नवरा काही म्हणायचा नाही, खिडकी उघडायचा.

रात्री सुंठीच्या काढ्यातून एरंडेल, अगदी थोडं. चौथ्या दिवशी पोट साफ झालं आणि मला तेव्हा कळलं की ओटीपोटाचा निम्मा जडपणा कशाचा होता. हसण्यासारखं आहे, पण तीन डॉक्टरी फाइलींत ही गोष्ट नव्हती, कारण मीच ती कुणाला सांगितली नव्हती.

पांढऱ्या पाण्यावर पुष्यानुग चूर्ण. हेही चरकाच्या त्याच अध्यायातलं. लोध्र, जांभळाच्या बिया, आंब्याची कोय, नागरमोथा, बेलफळ, धायटी, अर्जुन, गेरू अशी वीसहून जास्त द्रव्यं, बहुतेक तुरट. पुष्य नक्षत्रावर गोळा करायची म्हणून हे नाव. "नक्षत्र चुकलं असेल तर?" मी विचारलं. "तर कंपनीला विचारा," वैद्यबाई म्हणाल्या. मध घालून घ्यायचं आणि वर तांदळाचं धुवण. एक भाग तांदूळ, आठ भाग पाणी, भिजवून चोळून गाळायचं. आजी हे पाणी झाडांना घालायची.

आणि मात्राबस्ती. यावर मी जरा थांबणार आहे, कारण याबद्दल बायका बोलत नाहीत आणि मग घाबरतात. पाळी संपल्यावर ओळीने आठ दिवस. दुपारचं हलकं जेवण, मग लगेच दवाखाना. आधी कंबर आणि ओटीपोटाला कोमट तेलाने मसाज, मग वाफेचा शेक. मग डाव्या कुशीवर झोपायचं, उजवा पाय दुमडून. मऊ रबरी नळीने साठ मिली कोमट सहचर तेल गुदमार्गातून आत. एक मिनिटही लागत नाही. दुखत नाही. लाज मात्र पहिल्या दिवशी इतकी वाटली की मी परिचारिकेशी छताकडे बघून बोलत होते. तिसऱ्या दिवशी आम्ही तिच्या मुलीच्या दहावीबद्दल बोललो. तेल काही तास आत राहावं अशी अपेक्षा. माझं पहिल्या दिवशी वीस मिनिटांत बाहेर आलं, सहाव्या दिवशी रात्रभर राहिलं. पॅड लावूनच घरी जायचं, आणि त्या आठवड्यात फिकट रंगाचे कपडे घालायचे नाहीत. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून लिहिते. अशा तीन पाळ्यांनंतर तीन फेऱ्या झाल्या. कचेरीत अर्धा दिवस रजा टाकताना कारण लिहायचं तर मी "दंतोपचार" लिहिलं. दात माझे उत्तम आहेत.

सगळं सुरळीत झालं असंही नाही. पहिल्या महिन्यात काढ्याने छातीत जळजळ झाली, प्रमाण निम्म्यावर आणावं लागलं. दुसऱ्या महिन्यात एका रात्री ओटीपोटात जोराची कळ आली आणि मी वैद्यबाईंना फोन केला, काढा एक वेळ जास्त घेऊ का म्हणून. "काढा ठेवा बाजूला. थर्मामीटर लावा. पाळी कधी आली होती? सकाळी आधी मॅडमकडे जायचं, मग मला फोन." ताप नव्हता, मॅडमनी तपासलं, बीज सुटण्याच्या सुमाराची कळ निघाली. मॅडमना मी यावेळी सगळं सांगितलं, काढा, चूर्ण, बस्ती, नावानिशी. त्यांनी ते माझ्या कागदावर लिहून घेतलं. बस्तीवर भुवया उंचावल्या, पण "आत काही टाकत नाहीत ना?" एवढंच विचारलं, आणि नाही म्हटल्यावर "बरं" म्हणाल्या. त्या दोघी एकमेकींना कधी भेटलेल्या नाहीत. माझ्या फाइलमध्ये मात्र त्यांची अक्षरं एकाच पानावर आहेत.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी दुखणाऱ्या दिवसांवर पेन्सिलने फुली मारत होते. उपचार सुरू करण्याआधीच्या महिन्यात अठरा फुल्या. पहिल्या फेरीनंतर चौदा, मग नऊ, मग पाच. आता सातव्या महिन्यात दोन-तीन असतात, त्याही पाळीच्या आधी. पांढरं जाणं थांबलं. तेलाने झालं, पोट साफ झाल्याने झालं, संध्याकाळी चालायला लागले त्याने, की चार महिन्यांचं दुखणं आपल्या गतीने उतरणारच होतं, हे त्या फुल्यांवरून काढता येत नाही. वैद्यबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, मलाही काढता येत नाही, पण फुल्या मारत राहा.

गेल्या महिन्यात मावशीची बाटली परत करायला गेले. अर्धी उरली होती, टाकवत नव्हती. तिला सगळी हकिकत थोडक्यात सांगितली, लोध्राची पुडी वगळून. अल्कोहोलचं ऐकून ती एवढी हसली की तिला ठसका लागला. "म्हणजे चाळीस वर्षं मी बायकांना दारू पाजतेय!" मग बाटली उजेडात धरून किती उरलंय ते बघितलं आणि म्हणाली, "बरं झालं आणलीस. मलाच लागणार होती. परवापासून थोडं अंगावर जातंय, लाल."

मावशी एकसष्ट वर्षांची आहे. तिची पाळी जाऊन दहा वर्षं झाली.

मी बाटली तिच्या हातातून काढून घेतली. ती बराच वेळ वाद घालत होती. उष्णता आहे, पापड केले ना उन्हात, दोन दिवसांत जाईल. पाळी गेल्यावर पुन्हा लाल दिसलं तर ते तपासल्याशिवाय सोडायचं नसतं, एवढं मला या वर्षात कळलं होतं, आणि तिला सांगताना माझा आवाज अगदी तिच्यासारखा झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला आम्ही दोघी मॅडमच्या ओपीडीच्या बाकावर बसलो होतो. मावशीने घरून पिशवी आणली होती. नंबर जवळ आला तेव्हा तिने हळूच ती उघडून दाखवली. आत तिची चष्म्याची डबी, केळी आणि अशोकारिष्टाची ती बाटली.

"ही कशाला?" मी म्हटलं.

"तूच म्हणालीस ना, जे घेतो ते सगळं डॉक्टरला दाखवायचं."